‘हेतू सिद्ध करा!’ : अमेरिकेतील मृत्युदंड, वर्णभेद आणि आमची भूमिका

२९ जून १९७२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘फर्मन विरुद्ध जॉर्जिया’ या खटल्याचा निकाल दिला. अमेरिकेत मृत्युदंड ज्या पद्धतीने दिला जातो ती पद्धत संविधानात बसत नाही, असे न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले. या एका निकालाने देशभरातील सहाशेहून अधिक कैद्यांचा मृत्युदंड रद्द झाला. बहुमतातल्या पाचही न्यायमूर्तींनी आपापले मत स्वतंत्रपणे लिहिले. त्यापैकी न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांच्या निकालपत्रात एक दाखला आहे, जो प्रत्येक आंबेडकरी कार्यकर्त्याला माहीत असायला हवा.

अमेरिकेतील न्यायाबद्दल लिहिताना डग्लस यांनी दाखला दिला तो भारतातल्या ब्राह्मणी कायद्याचा. प्राचीन हिंदू कायद्यात ब्राह्मणाला देहदंड माफ होता आणि माणसाचा सामाजिक दर्जा जितका खालचा तितकी त्याची शिक्षा कडक होत जाई, असे त्यांनी नोंदवले. आणि पुढे भीती व्यक्त केली की आपणही व्यवहारात तिथेच येऊन पोहोचलो आहोत. त्यांनी कारणे दोन सांगितली. मृत्युदंड द्यायचा की नाही हे मर्जीवर सोडलेले आहे, आणि श्रीमंताला उत्तमातला उत्तम वकील विकत घेता येतो.

डग्लस ज्या कायद्याबद्दल बोलत होते तो आम्हाला चांगलाच ठाऊक आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात इतर वर्णांना जिथे देहदंड सांगितला, तिथे ब्राह्मणाचे फक्त मुंडन करायला सांगितले आहे. ब्राह्मणाने कोणतेही पाप केले तरी राजाने त्याला मारू नये, फार तर त्याच्या धनासह देशाबाहेर घालवावे, असेही तिथेच लिहिले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जे जाळले गेले ते हेच. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातला एक गोरा न्यायमूर्ती आपल्या देशाच्या न्यायव्यवस्थेत तेच दंडविधान पाहत होता. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली आणि तिने आपले नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतले.

मनूचा कायदा उघड होता, वर्ण त्यात लिहिलेलाच होता. अमेरिकेच्या मृत्युदंडाच्या कायद्यातून मात्र एकोणिसाव्या शतकातच वर्ण खोडला गेला. तरीही मृत्युदंडातून तो का गेला नाही? हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्या माणसांवर अत्याचार झाला की आमच्याही मोर्चात पहिली घोषणा ‘फाशी द्या’ हीच असते. ज्या देशात फाशी आणि वर्ण यांचा हिशेब आकड्यांनिशी मांडला गेला, तिथला इतिहास एकदा नीट पाहून मग ही घोषणा तपासली पाहिजे. (अमेरिकेत दोराशिवाय विजेची खुर्ची, विषारी इंजेक्शन अशा अनेक पद्धती वापरल्या गेल्या. आपल्याकडच्या बोलण्याप्रमाणे आम्ही या सगळ्यालाच इथे फाशी म्हणतो आहोत.)

कायद्यात लिहिलेला वर्ण, मग पुसलेला वर्ण

जॉर्जिया राज्याचा १८६१ चा फौजदारी कायदा पाहा. गोऱ्या स्त्रीवर काळ्या पुरुषाने बलात्कार केला तर मृत्युदंड सक्तीचा. तोच गुन्हा गोऱ्याने केला तर २ ते २० वर्षे कैद. आणि अत्याचार काळ्या स्त्रीवर झाला असेल तर दंड आणि कैद, तीही न्यायालयाच्या मर्जीनुसार. गुन्हा एकच, पण करणारा कोण आणि सोसणारी कोण यावर शिक्षा ठरत होती. मनुस्मृती वाचलेल्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही.

यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली. १८६८ मध्ये चौदाव्या घटनादुरुस्तीने प्रत्येकाला कायद्याचे समान संरक्षण दिले. मृत्युदंडाच्या कायद्यातून ‘काळा’ आणि ‘गोरा’ हे शब्द गेले. व्यवहारात काय झाले? १९३० नंतर अमेरिकेत बलात्काराच्या गुन्ह्यासाठी ४५५ जणांना मृत्युदंड दिला गेला. त्यातले ४०५ कृष्णवर्णीय होते. म्हणजे दर दहात जवळजवळ नऊ. या काळात बलात्काराच्या शिक्षेच्या एकाही कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता.

न्यायालयाबाहेर झुंडीचे न्यायालय होतेच. १८७७ ते १९५० या काळात दक्षिणेकडील बारा राज्यांत चार हजारांहून अधिक कृष्णवर्णीयांचे लिंचिंग झाल्याची नोंद आहे. १८९२ मध्ये मेम्फिस शहरात तीन कृष्णवर्णीय किराणा दुकानदारांना झुंडीने मारले, तेव्हा पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी याचा शोध घ्यायला सुरुवात केली. बलात्काराचा आरोप हे बहुतेक वेळा निमित्त असते आणि खरे कारण काळ्या माणसाने धंद्यात, मानात बरोबरी करणे हे असते, हे त्यांनी प्रकरणामागून प्रकरण देऊन दाखवले. गोऱ्यांच्या जमावाने त्यांचा छापखाना फोडला. खेड्यात नवे घर बांधले, वरातीत घोड्यावर बसला म्हणून मार खाल्लेल्या आमच्या माणसांना वेल्सबाईंचे म्हणणे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

झुंड आणि न्यायालय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे आम्ही मानतो. दक्षिण अमेरिकी राज्यांत त्यांच्यातले अंतर फार थोडे होते. साउथ कॅरोलिना राज्यातील जॉर्ज स्टिनी हा चौदा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. १९४४ मध्ये त्याच्यावर दोन गोऱ्या मुलींच्या खुनाचा आरोप ठेवला गेला. खटला एका दिवसात संपला. ज्यूरीतले सगळे गोरे होते आणि त्यांची चर्चा दहा मिनिटे चालली. त्याच्या वकिलाने अपीलही केले नाही. अटकेपासून तीन महिन्यांच्या आत, १६ जून १९४४ रोजी, त्या मुलाला विजेच्या खुर्चीत मारले. सत्तर वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, न्यायाधीशांनी त्याची दोषसिद्धी रद्द केली.

१९५१ च्या फेब्रुवारीत व्हर्जिनिया राज्याने मार्टिन्सव्हिल गावच्या सात कृष्णवर्णीयांना एका गोऱ्या स्त्रीवरील बलात्कारासाठी मृत्युदंड दिला. या खटल्यात कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेच्या वकिलांनी एक नवा मुद्दा मांडला होता. त्यांनी राज्याचे रेकॉर्ड न्यायालयापुढे ठेवले आणि विचारले की, या राज्यात बलात्कारासाठी फक्त काळ्यांनाच मृत्युदंड का होतो? १९०८ ते १९५१ या काळात व्हर्जिनियात या गुन्ह्यासाठी मारले गेलेले सर्वच्या सर्व ४५ जण कृष्णवर्णीय होते. न्यायालयांनी हा मुद्दा मान्य केला नाही. २०२१ मध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने या सात जणांना मरणोत्तर माफी दिली. ते निर्दोष होते असा निर्वाळा त्यात नव्हता. फक्त गोऱ्यांच्या ज्यूरीपुढे झालेला त्यांचा खटला न्याय्य नव्हता, एवढीच ती कबुली होती.

याच्या चारच वर्षांनंतर, ऑगस्ट १९५५ मध्ये, मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला एका गोऱ्या स्त्रीशी आगळीक केल्याच्या आरोपावरून पळवून नेऊन ठार मारले. गोऱ्या ज्यूरीने सुमारे तासाभरात दोन्ही आरोपींना सोडून दिले. पुढे काही महिन्यांत त्या दोघांनी एका मासिकाकडून पैसे घेऊन खुनाची कबुलीही दिली. एकदा सुटल्यामुळे त्यांच्यावर पुन्हा खटला चालणार नव्हता.

मार्टिन्सव्हिल आणि एमेट टिल ही प्रकरणे शेजारी ठेवून पाहा. दोन्ही राज्यांत मृत्युदंडाचा कायदा होता. गोऱ्या स्त्रीसाठी त्याने सात जीव घेतले आणि काळ्या मुलासाठी त्याने साधा तुरुंगही दिला नाही. कडक कायदा हाताशी असला म्हणजे तो दुबळ्याच्या बाजूने उभा राहतो, हा समज इथेच खोटा ठरतो.

चार वर्षांची विश्रांती आणि नव्या नियमांचा खेळ

१९७२ च्या फर्मन निकालामागे हा सगळा इतिहास होता. विल्यम फर्मन हा जॉर्जियातला गरीब कृष्णवर्णीय. चोरीसाठी घरात शिरला असता पळताना त्याच्या बंदुकीची गोळी बंद दारातून जाऊन घरमालकाला लागली. त्याचा खटला एका दिवसात उरकला होता. सर्वोच्च न्यायालयातील पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थर्गुड मार्शल हेही बहुमतात होते. मृत्युदंडाचे ओझे गरीब, अशिक्षित आणि वंचित माणसांवरच पडते, असे त्यांनी लिहिले.

पण न्यायालयाने मृत्युदंडच रद्द केला नव्हता, तो देण्याची पद्धत रद्द केली होती. राज्यांनी लगेच नवे कायदे केले. ज्यूरीने कोणत्या गोष्टी विचारात घ्यायच्या याची यादी दिली, दोषसिद्धी आणि शिक्षा यांच्या सुनावण्या वेगळ्या केल्या. काही राज्यांनी ठरावीक गुन्ह्यांना सरसकट मृत्युदंड सक्तीचा केला, पण तो न्यायालयाला मान्य झाला नाही. यादी देणारे कायदे मात्र २ जुलै १९७६ रोजी ‘ग्रेग विरुद्ध जॉर्जिया’ खटल्यात मान्य झाले. मर्जीला आता लगाम घातला आहे, म्हणून भेदभाव होणार नाही, असा न्यायालयाचा विश्वास होता. जानेवारी १९७७ मध्ये युटा राज्यात एका कैद्याला गोळ्या घालून मृत्युदंड पुन्हा सुरू झाला.

हा विश्वास खरा की खोटा, हे मोजून पाहता येणार होते. आणि ते मोजले गेले.

मॅक्लेस्की खटला : आकडे मान्य, न्याय अमान्य

वॉरेन मॅक्लेस्की या कृष्णवर्णीयाने आणखी तिघांसोबत १९७८ मध्ये अटलांटा शहरात एका फर्निचरच्या दुकानावर दरोडा घातला. त्यात एक गोरा पोलीस अधिकारी मारला गेला. ज्यूरीत अकरा गोरे आणि एक कृष्णवर्णीय होता. चौघांपैकी मृत्युदंड एकट्या मॅक्लेस्कीला झाला. १९७३ ते १९७९ या काळात त्या काउंटीत पोलिसांच्या खुनात १७ आरोपी होते. त्यांतही मृत्युदंड फक्त त्यालाच.

त्याच्या वकिलांनी न्यायालयापुढे प्राध्यापक डेव्हिड बाल्डस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास ठेवला. जॉर्जियात १९७० च्या दशकात झालेली खुनाची दोन हजारांहून अधिक प्रकरणे त्यांनी तपासली होती. आरोपी काळा आणि बळी गोरा, अशा प्रकरणांत २२ टक्के आरोपींना मृत्युदंड झाला. आरोपी गोरा आणि बळीही गोरा, तिथे ८ टक्के. आरोपी गोरा आणि बळी काळा, तिथे ३ टक्के. आणि आरोपीही काळा, बळीही काळा, तिथे अवघा १ टक्का.

यावर नेहमीचा आक्षेप येतो की गुन्ह्यांचे स्वरूपच वेगळे असेल. बाल्डस यांनी तोही तपासला. गुन्ह्याची क्रूरता, आरोपीचा पूर्वेतिहास अशा वर्णाशी संबंध नसलेल्या ३९ बाबी हिशेबात धरूनही, गोऱ्याच्या खुनाच्या आरोपीला मृत्युदंड होण्याची शक्यता काळ्याच्या खुनाच्या आरोपीपेक्षा ४.३ पट निघाली. म्हणजे मुख्य प्रश्न कोणी मारले हा नव्हताच. मेला तो कोण होता, यावर फाशी ठरत होती. त्या राज्याच्या लेखी कोणाच्या जिवाला किती किंमत आहे, त्याचे हे दरपत्रक होते.

२२ एप्रिल १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी बहुमताचे निकालपत्र लिहिले. अभ्यास शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे असे गृहीत धरूनही मॅक्लेस्कीचे अपील पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळले. कारण काय? राज्यभरातला कल दाखवून भागणार नाही, तुझ्याच खटल्यात, तुझ्याच सरकारी वकिलाने किंवा ज्यूरीने वर्णद्वेषाच्या हेतूने निर्णय घेतला हे सिद्ध कर. शिवाय, हा मुद्दा मान्य केला तर फक्त मृत्युदंडच नव्हे, संपूर्ण फौजदारी न्यायव्यवस्थेवर प्रश्नचिन्ह उभे राहील, अशी भीती निकालात स्पष्ट लिहिली आहे. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी त्यावर नेमके बोट ठेवले. ही तर न्याय जास्त होईल याची भीती आहे, असे ते म्हणाले.

हेतू सिद्ध करायचा कसा? ज्यूरीची चर्चा बंद दाराआड होते. सरकारी वकील आपल्या मनातले कागदावर लिहीत नाही. शंभर खटल्यांत मिळून भेदभाव डोळ्यांनी दिसतो, पण एकेक खटला सुटा काढला की तो कुठेच सापडत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी सांगायला दुसरे एखादे कारण असते. हेतूची अट घालून न्यायालयाने व्यवस्थेला निर्दोष सोडले आणि पुराव्याचे ओझे भेदभाव सोसणाऱ्याच्या डोक्यावर ठेवले.

मॅक्लेस्कीला २५ सप्टेंबर १९९१ रोजी विजेच्या खुर्चीत मारले. त्याच वर्षी, निवृत्त झालेल्या पॉवेल यांना त्यांच्या चरित्रकाराने विचारले की एखाद्या खटल्यातले मत बदलता आले असते तर कोणते बदलले असते? त्यांनी मॅक्लेस्कीचे नाव घेतले. न्यायमूर्तींना पश्चात्ताप करायला निवृत्तीनंतरचा काळ मिळाला. मॅक्लेस्कीला तोही मिळाला नाही.

भेदभाव नेमका कुठून आत शिरतो

काही तरुण मित्र म्हणतील, न्यायाधीश वर्णद्वेषी होते, इतकेच. मग न्यायाधीश बदला. पण हे इतके सोपे नाही. शिक्षा सुनावली जाण्याच्या खूप आधी, अनेक हातांतून खटला जातो.

पहिला हात सरकारी वकिलाचा. मृत्युदंड मागायचा की नाही, हे तो ठरवतो. बहुतेक राज्यांत तो निवडणुकीतून येतो आणि ही पदे मोठ्या प्रमाणात गोऱ्यांकडेच राहिली आहेत. बाल्डस यांच्या अभ्यासात काळा आरोपी आणि गोरा बळी असताना ७० टक्के प्रकरणांत मृत्युदंड मागितला गेला. दोघेही काळे असताना फक्त १५ टक्के. इथल्या निर्णयाचे कारण त्याला कुणाला द्यावे लागत नाही.

दुसरा हात ज्यूरीचा. वर्णावरून ज्यूरर वगळायला १९८६ पासून सर्वोच्च न्यायालयाची मनाई आहे. तरी २०१६ मध्ये जॉर्जियाचे एक प्रकरण त्याच न्यायालयात आले. सरकारी पक्षाच्या यादीत कृष्णवर्णीय ज्यूररांची नावे हिरव्या शाईने रंगवून त्यांच्यापुढे खुणेचे अक्षर लिहिलेले सापडले. मिसिसिपीच्या कर्टिस फ्लॉवर्स यांच्यावर एकाच सरकारी वकिलाने एकाच गुन्ह्यासाठी सहा वेळा खटला चालवला. सहा खटल्यांत मिळून ४२ कृष्णवर्णीय ज्यूररांपैकी ४१ जणांना त्याने वगळले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली, २०२० मध्ये आरोप मागे घेतले गेले. तोवर फ्लॉवर्स यांची जवळजवळ तेवीस वर्षे तुरुंगात गेली होती. शिवाय मृत्युदंडाला असलेल्या विरोधामुळे जो तो कधीच देऊ शकणार नाही, असा माणूस अशा खटल्यात ज्यूरीवर बसू शकत नाही. असा विरोध कृष्णवर्णीयांत जास्त असल्यामुळे या चाळणीतून तेच जास्त बाहेर पडतात.

तिसरा हात वकिलाचा. १९६३ पासून गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. पण कसा वकील? टेक्सासमधील कॅल्व्हिन बर्डाइन याचा वकील मृत्युदंडाच्या खटल्यात पुन्हा पुन्हा झोपत होता. ही दोषसिद्धी रद्द व्हायला २००१ साल उजाडले. बर्डाइन गोरा होता, हेही मुद्दाम सांगतो. वर्णासोबत वर्गही काम करतो. गोरा असला तरी गरीब माणूस या यंत्रात सापडतोच.

या सगळ्यातून काय निघाले? १९७६ नंतर अमेरिकेत १,६०० हून अधिक लोकांना मृत्युदंड दिला गेला. यातल्या सुमारे तीन चतुर्थांश प्रकरणांत बळी गोरे होते, आणि देशात खून होणाऱ्यांत गोरे साधारण निम्मेच असतात. गोऱ्याला मारल्याबद्दल फाशी गेलेले कृष्णवर्णीय ३०० च्या आसपास. कृष्णवर्णीयाला मारल्याबद्दल फाशी गेलेले गोरे पंचवीसही नाहीत. आणि १९७३ पासून सुमारे २०० जण मृत्युदंडाच्या कोठडीतून निर्दोष ठरून बाहेर आले आहेत.

ज्यांनी आकड्यांचे ऐकले

मॅक्लेस्की निकालाने दिल्लीइतकेच दूर वाटावे असे वॉशिंग्टनचे दार बंद झाले, तेव्हा अमेरिकेतील कार्यकर्त्यांनी राज्याराज्यांत लढाई नेली. नॉर्थ कॅरोलिना राज्याने २००९ मध्ये कायदा करून मृत्युदंडाच्या कैद्यांना वर्णभेदाचा आकडेवारीचा पुरावा मांडण्याची मुभा दिली. पुरावे इतके ठोस निघाले की सत्ताबदलानंतर, २०१३ मध्ये, तो कायदाच रद्द केला गेला. पण लढाई थांबली नाही. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१८ रोजी एकमताने सांगितले की, आमच्या राज्यात मृत्युदंड मनमानी आणि वर्णभेदी पद्धतीने दिला जातो, म्हणून तो रद्द. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये वर्णन्यायाचा कायदा केला आणि हेतू सिद्ध करण्याची अट काढून टाकली. आणि ज्या व्हर्जिनियाने मार्टिन्सव्हिलच्या सात जणांना मारले, त्या राज्याने २४ मार्च २०२१ रोजी मृत्युदंड रद्द केला. असे करणारे ते दक्षिणेतले पहिले राज्य. आज अमेरिकेतील २३ राज्यांत मृत्युदंड नाही.

हे बदल आपोआप झाले नाहीत. आयडा वेल्स यांनी एकेका लिंचिंगची नोंद केली, मार्टिन्सव्हिलच्या वकिलांनी रेकॉर्ड उपसले, बाल्डस यांनी मोजले. हरलेल्या खटल्यांचे कागद पुढच्या पिढीने वापरले. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाची प्रत मागितली होती. तिकडच्या लढाईची कागदपत्रे इकडे उपयोगी पडतील, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

आमची घोषणा तपासू या

आता आमच्याकडे येऊ. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली, २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या जन्मठेपेत बदलली. फाशी रद्द झाली म्हणून आम्ही सगळेच संतापलो. पण खरा घाव दुसरीकडे होता. दोन्ही न्यायालयांनी ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. हत्या जातीमुळे झाली हे सिद्ध होत नाही, सूडातून झाली, असे म्हटले गेले. मॅक्लेस्कीला सांगितले होते तेच आम्हालाही सांगितले गेले : हेतू सिद्ध करा. फाशी की जन्मठेप या वादात आमची सगळी ताकद गेली, आणि गावाने जे पाहिले ते न्यायालयाला का दिसत नाही, हा प्रश्न मागे राहिला.

आणि फाशी आपल्या देशात कुणाच्या वाट्याला येते? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले सुमारे ७४ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. सुमारे ७६ टक्के मागास समाजांतले किंवा धार्मिक अल्पसंख्याक होते. महाराष्ट्रातच २००३ च्या एका गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा जणांना फाशी झाली. उच्च न्यायालयाने तिघांना जन्मठेप दिली होती, तीही वाढवून सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशीच ठेवली. त्यात एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. सोळा वर्षे गेली. २००९ नंतर लगेच फाशी झाली असती, तर २०१९ मध्ये सोडायला कोण उरले असते?

काही मित्र विचारतात, सवर्ण आरोपींना फाशी होत नाही म्हणून तर आम्ही ती मागतो. बरोबरी नको का? संताप खरा आहे आणि त्याला उपदेश करण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण अमेरिकेने १९७६ मध्ये हाच प्रयोग केला. फाशी ठेवू, नियम लावू, ती सगळ्यांना सारखी करू. अकरा वर्षांनी बाल्डस यांच्या आकड्यांनी त्याचे फळ दाखवले. ज्या व्यवस्थेत तपास, साक्षीदार, सरकारी वकील आणि न्यायासन यांच्यावर वरच्या जातींचा पगडा आहे, तिथे आम्ही मागितलेला दोर फिरून आमच्याच वस्तीत येतो.

बाबासाहेबांचे मत या बाबतीत स्पष्ट आहे. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा का, यावर चर्चा चालू होती. त्यावर बाबासाहेब म्हणाले की, त्यापेक्षा आपण फाशीची शिक्षाच रद्द करण्याला पाठिंबा देऊ. हा देश अहिंसेचे तत्त्व मोठ्या प्रमाणात मानतो, तर फाशी रद्द करणे हेच उचित, असे त्यांनी सांगितले. अस्पृश्यतेचे चटके सोसलेला, देशाचा कायदामंत्री असलेला माणूस हे बोलत होता. त्यांच्या जयंतीला आम्ही लाखोंनी जमतो, पण हे मत आमच्या सभांतून क्वचितच ऐकू येते.

मग आम्ही काय मागायचे? गुन्हा नोंदवायला टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्यावर ॲट्रॉसिटी कायद्यातील कलम चारखाली कारवाई. साक्षीदारांना संरक्षण. पीडितांच्या पसंतीचा विशेष सरकारी वकील. ठरलेल्या मुदतीत चालणारे विशेष न्यायालय. आणि या सगळ्याच्या जोडीला मोजणी : आपल्या जिल्ह्यात किती गुन्हे नोंदले गेले, कितींत ॲट्रॉसिटीचे कलम गळले, कोणत्या टप्प्यावर गळले, निकालात कारण काय दिले. माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज आणि एक वही, एवढ्याने सुरुवात होते. बाल्डस यांनीही फाईलीच वाचल्या होत्या.

एका खटल्यात हेतू सिद्ध होत नाही असे म्हणणाऱ्या न्यायालयापुढे पाचशे खटले एकत्र मांडले पाहिजेत. त्या पाचशे फाईली गोळा करण्याचे काम आपले आहे.

जय भीम!